ऋणाची वास्तू

बँकेची इमारत भक्कम का बांधावी, हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्याचा वाटला, तरी थोडे खोल गेले असता तो श्रद्धेच्या प्रांतात जाऊन पोचतो. ठेवीदाराने विश्वासाने आणून दिलेली रक्कम त्या भिंतींच्या आड फार काळ राहत नाही. ती कर्जरूपाने कोणाच्या शेतात, कोणाच्या दुकानात केव्हाच निघून गेलेली असते, आणि मागे उरते ते परत देण्याचे वचन. वचनासारख्या निराकार वस्तूला दगडाचा आकार देण्याची विद्या पूर्वी देवळे बांधणारांकडे होती. रोमकरांनी तर आपला सरकारी खजिनाच सॅटर्न देवाच्या मंदिरात ठेवला होता.

सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावाकडे पाहावे, तर तेथे अशा भव्यतेची अपेक्षाच व्यर्थ. हा मुलूख निजामी अमलात परभणी जिल्ह्यात मोडत असे, व्यवहार हाली सिक्क्यात चाले, आणि त्या सिक्क्याचा कारभार पाहण्यासाठी निघालेल्या हैदराबाद स्टेट बँकेने आपले दार ५ एप्रिल १९४२ रोजी उघडले तेही दूर हैदराबादेत, गनफौंड्री भागात. मराठवाड्यातल्या लहान गावची बँक पुष्कळदा भाड्याच्या जागेत नांदते: खाली सरकत्या लोखंडी जाळीचा दरवाजा, वर मालकाचे बिऱ्हाड, भिंतीला काउंटरच्या उंचीपर्यंत खाकी तैलरंग, आणि मागे एकच खोली अशी की जिच्या काँक्रीटमध्ये सळईची दाट जाळी भरलेली. त्या खोलीचे दार एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे, आणि दोघे एकत्र उभे राहिल्यावाचून कुलूप हलत नाही. मनुष्यस्वभावाविषयीचे एवढे स्पष्ट मत कोणत्याही दर्शनग्रंथाने क्वचितच मांडले असेल. १ एप्रिल २०१७ रोजी ही हैदराबादची बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, दारावरच्या पाट्या बदलल्या. खाती तीच राहिली, थकबाकीही तीच. देह पालटला तरी संचित सुटत नाही, हे पटवून देण्यास कीर्तनकाराला याहून सोपा दाखला मिळणे कठीण.

परंतु ऋणाची याहून पुरातन वास्तू नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेण्यात लेख कोरून ठेवला की, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेविले आहेत, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व हजारावर पाऊण असे व्याज मिळावे, त्यातून भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागाव्यात, आणि मुद्दल कधीही परत मागू नये. द्रव्य विणकरांच्या मागांत खेळत राहिले आणि कातळ वापरला तो केवळ शब्दांसाठी. मला ही विभागणी आपल्या तिजोऱ्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. येथे ऋण कधीच फिटावयाचे नव्हते, आणि तरीही ते पुण्य होते. मग न फिटणारे ऋण एके ठिकाणी पुण्य व दुसरीकडे पाश का ठरते? तैत्तिरीय संहिता ब्राह्मणावर जन्मतःच तीन ऋणे लादते खरी, पण त्याच दमात ब्रह्मचर्य, यज्ञ व प्रजा असे त्यांच्या फेडीचे मार्गही सांगते. म्हणजे धर्माला मान्य असलेल्या ऋणाला बाहेर पडण्याचे दार असते. धर्मशास्त्राचा दामदुपटीचा दंडक धनकोलाही बांधून ठेवतो, आणि अल्पभूधारकांच्या अल्पमुदती कर्जावरील एकूण व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये, या रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्याची छाया आजही आढळते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी, पीक हातचे गेले, कर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्यावेत, असे निवेदन सरकारकडे दिले व त्यात मूत्रपिंड, यकृत व डोळे यांचे भावही नमूद केले. अवयवांचा सौदा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. देहावर बोजा चढवू नये इतके कायद्याला उमगले. ज्या जमिनीवर तो देह पोसला जातो तिच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोजा मात्र एका नोंदीसरशी चढतो आणि बेबाकीचा दाखला मिळेपर्यंत उतरत नाही.

गोरेगावच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथाचे देऊळ आहे. नरसीच्या नामदेवांना कीर्तन करू न देता देवळामागे घालविले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. वास्तूने बाहेर काढलेल्याकडे वळावे, हा विचार मला तिच्यातील चमत्काराहून मोलाचा वाटतो. बँकेच्या घरालाही असे थोडेसे वळता येते. पीक बुडाल्याचे सरकारदरबारी मान्य झाले की पीककर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूद आहे: मुदत वाढते, हप्ते पाडून मिळतात, नव्या हंगामासाठी कर्जाची वाट मोकळी होते. जुन्या रकमेवरचे व्याज मात्र चालूच राहते.