तडजोडीची किंमत

कोका-कोला हें पेय १८८६ सालीं अमेरिकेंतील अटलांटा शहरांत प्रथम विकलें गेलें. त्याची कृति मात्र कंपनीनें आजवर गुपितच ठेवली आहे. पेटंट म्हणजे शोधकास सरकारनें ठराविक मुदतीपुरता दिलेला मक्ता, आणि त्याच्या मोबदल्यांत शोधकानें आपलें रहस्य जगापुढें उघड करावयाचें असतें. तथापि अशा मोठ्या पेयकंपनीवर आज पेटंटाचा दावा यावयाचा तर त्याला पेयच कारण व्हावें असें नाहीं. संकेतस्थळावरील विक्रीची एखादी सोय तेवढ्यास पुरते. दावा आणणारी संस्था पुष्कळदां स्वतः कांहींच निर्माण करीत नाहीं. दुसऱ्यांचीं पेटंटें विकत घेऊन ती वसुली करते. अमेरिकन लोक तिला पुलाखालच्या राक्षसाचें, 'ट्रोल' हें नांव देतात.

जो कांहीं निर्माण करीत नाहीं त्याला हक्क कसला, असें म्हणून हा प्रश्न उडवून लावतां येत नाहीं. गरीब शोधकाजवळ कारखाना नसतो. त्यानें आपला हक्क विकूंहि नये काय? शिवाय शेत न कसतां खंड घेणाऱ्यांच्या समाजांत आम्ही वाढलों आहों. आम्हीं फार मोठ्यानें बोलूं नये हें बरें.

दोष आम्हांस निराळ्या ठिकाणीं दिसतो. अशा मागणीची रक्कम कल्पनेच्या योग्यतेवरून ठरत नाहीं. लढण्यास प्रतिपक्षाला काय खर्च येईल यावरून ती ठरते. अमेरिकेंत जिंकणाऱ्यालाहि वकिलांचा खर्च सामान्यतः स्वतःच सोसावा लागतो. (अपवादात्मक पेटंट-दाव्यांत तो देवविणें २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें थोडें सुलभ केलें.) तेव्हां निरपराधी मनुष्यहि हिशेब करतो आणि पैसे मोजतो.

सोव्हरेन ह्या कंपनीच्या हातीं संकेतस्थळावरील दुकानांत खरेदीचा माल 'टोपलींत' ठेवण्याच्या पद्धतीचीं पेटंटें आलीं होतीं. बलाढ्य ॲमेझॉननें २००५ सालीं ४ कोटी डॉलर देऊन तिच्याशीं तडजोड केली. तिच्याहून कितीतरी लहान अशा न्यूएगनें मात्र लढण्याचें ठरविलें. टेक्ससमधील ज्यूरीनें २०१० सालीं न्यूएगवर २५ लाख डॉलर बसविले; तरी ती हटली नाहीं. २०१३ सालीं अपील-न्यायालयानें निर्णय दिला कीं, ती कल्पना पूर्वीच्याच एका व्यवस्थेवरून जाणकारास सहज सुचण्यासारखी होती. ज्या पेटंटांसाठीं कोट्यवधि मोजले गेले, त्यांचा वादग्रस्त भागच निराधार ठरला!

व्यवस्थापक म्हणेल, भागधारकांचा पैसा परक्यांच्या हितासाठीं लढण्यांत उधळण्याचा मला काय अधिकार? याचें उत्तर सोपें नाहीं. तरी जो पैसे देऊन सुटतो तो संकट नाहींसें करीत नाहीं, तें पुढच्या दाराकडे वळवितो. आणि तें दार दुबळ्याचेंहि असूं शकतें. म्हणून समर्थानें निदान एकदां तरी लढावें, असें आम्हांस वाटतें.

असें आम्ही लिहितों खरें. पण सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं एका कचेरींत खेपा वांचविण्याकरितां आम्हींहि एकदां 'चहापाणी' दिलें आहे. रांगेंत आमच्यामागें एक वृद्ध शेतकरी उभा होता. त्याच्याकडे किती मागितलें गेलें तें ऐकण्यास आम्ही थांबलों नाहीं.