हेन्रीची साक्ष

देवस्थानांच्या संपत्तीचा विषय निघाला की आपल्याकडच्या पुरोगामी वर्तुळात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला साक्षीला उभे केले जाते. युक्तिवाद ठरलेला असतो. हेन्रीने सोळाव्या शतकात मठ बंद केले, निरुद्योगी साधूंच्या हाती अडकून पडलेली जमीन मोकळी केली आणि तिथून आधुनिक इंग्लंड सुरू झाले. तेवढे धैर्य आपणही दाखवावे. ज्यांची पुस्तके वाचून माझी पिढी विचार करायला शिकली, अशा एका ज्येष्ठ अर्थतज्ज्ञांनी यंदा एका परिसंवादात हाच दाखला दिला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागणीला माझा सरसकट विरोध नाही. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले आणि चार दशकांच्या कोर्टकचेरीनंतर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, याचा मला आनंदच झाला होता. पण हेन्रीची साक्ष खोटी आहे, आणि खोट्या साक्षीदारापायी चांगला खटलाही बुडतो.

अर्थतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर बहुधा जगाकडे पाठ फिरवून जपजाप्यात बुडालेले साधू असावेत. हेन्रीने बंद केलेल्या मठांत संख्येने सर्वांत जास्त घरे ज्यांची होती, ते ऑगस्टिनियन कॅनन तसे नव्हते. ते दीक्षा घेतलेले धर्मगुरू. संत ऑगस्टिनच्या नावाने चालत आलेली एक छोटी नियमावली ते पाळत. स्वतःच्या मालकीचे काही ठेवायचे नाही, सगळे सामाईक, ज्याला जेवढी गरज तेवढे द्यायचे. १०५९ च्या रोममधल्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंनी असे एकत्र राहावे असा आग्रह धरला, आणि ११०० च्या सुमारास कोलचेस्टरला इंग्लंडातले त्यांचे पहिले घर उभे राहिले. नियमावली आटोपशीर आणि लवचीक होती, त्यामुळे मोठ्या जहागिरीवाचूनही मठ निघू शकत असे. दहा-बारा माणसे आणि गावातले एखादे चर्च एवढ्यावर भागे. म्हणून हे मठ रानात कमी आणि बाजारपेठेजवळ, पुलापाशी, यात्रेच्या वाटेवर जास्त दिसतात. पुढे आर्चबिशप आणि संत झालेला थॉमस बेकेट लहानपणी शिकला तो लंडनजवळच्या मर्टनला, कॅननांच्याच मठात.

लंडनच्या स्मिथफील्ड भागात आजही जाऊन पाहता येईल असे एक उदाहरण घेऊ. पहिल्या हेन्रीच्या दरबारातला राहीर नावाचा माणूस रोमच्या यात्रेत आजारी पडला. बरा झालो तर गरिबांसाठी रुग्णालय काढीन असा नवस त्याने केला आणि ११२३ साली तो फेडला. एका बाजूला सेंट बार्थोलोम्यूचा मठ, शेजारी त्याच नावाचे रुग्णालय. मठाला मिळालेल्या दानाच्या आधाराने रुग्णालय उभे राहिले आणि चारशे वर्षे चालले. १५३८ साली, मठ एकामागून एक बंद होत असताना, लंडनचे महापौर रिचर्ड ग्रेशम यांनी राजाला विनंती केली की शहरातली रुग्णालये तरी आमच्या हवाली करा, नाहीतर आजारी आणि निराधार माणसे रस्त्यावर येतील. राजाने दाद दिली नाही. १५३९ मध्ये मठ खालसा झाला आणि रुग्णालयाच्या उत्पन्नाचा झरा आटला. मठाची जागा १५४४ साली रिचर्ड रिच याने विकत घेतली. हा गृहस्थ कोण? खालसा झालेल्या मठांच्या मालमत्तेचा हिशेब ठेवायला जे खास खाते काढले होते, त्याचा पहिला प्रमुख. चर्चचा मोठा सभामंडप पाडला गेला, पूर्वेकडचा भाग तेवढा वस्तीचे चर्च म्हणून वाचला. पुढच्या शतकांत त्याच इमारतीच्या एका अंगाला लोहाराची भट्टी पेटली आणि मेरीच्या देवघरात छापखाना बसला; १७२५ मध्ये तरुण बेंजामिन फ्रँकलिन तिथे खिळे जुळवत होता. रुग्णालय पुन्हा रीतसर उभे राहिले ते १५४६-४७ मध्ये, राजा मरणाच्या उंबरठ्यावर असताना, आणि तेही शहराने आपल्या खिशातून भर घालण्याचे कबूल केल्यावर. आज त्या रुग्णालयाच्या दरवाजावर पुतळा आहे तो राहीरचा नाही, आठव्या हेन्रीचा. १७०२ साली तो बसवला. आपल्या अर्थतज्ज्ञांनी जो इतिहास ऐकवला, तो या पुतळ्याने सांगितलेला इतिहास आहे.

मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय झाले, हा प्रश्न त्या परिसंवादात कोणी विचारला नाही. १५३६ च्या कायद्याने वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ घेतले, १५३९ च्या कायद्याने उरलेल्यांचा मार्ग मोकळा केला, आणि २३ मार्च १५४० रोजी शेवटचा मठ शरण गेला. तो वॉल्थमचा, ऑगस्टिनियन कॅननांचाच. पुढे इंग्लंडचा थोर संगीतकार म्हणून ज्याचे नाव झाले तो थॉमस टॅलिस त्या दिवशी तिथे नोकरीला होता. थकलेल्या पगाराचे वीस शिलिंग आणि वर बक्षीस म्हणून वीस शिलिंग घेऊन तो बाहेर पडला. मालमत्तेचा पैसा फ्रान्स आणि स्कॉटलंडवरच्या स्वाऱ्यांत गेला. जमिनी दरबारातल्या आणि दरबाराच्या ओळखीतल्या लोकांना विकल्या गेल्या, आणि १५४७ मध्ये राजा मेला तेव्हा त्यांचा बराच मोठा भाग मुकुटाच्या हातून निसटलेला होता. नॉटिंगहॅमजवळचे न्यूस्टेड बायरन घराण्याला गेले. याच नियमावलीने चालणारा लॅकॉकचा स्त्रियांचा मठ विल्यम शॅरिंग्टनने घेतला. १५४९ साली तो ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या अफरातफरीबद्दल पकडला गेला. वॉल्सिंगहॅमला हेन्री तरुणपणी स्वतः यात्रेला गेला होता. तिथल्या कॅननांच्या मठातला उपप्रमुख निकोलस मायलम १५३७ मध्ये मठाच्या बचावाचा कट केल्याच्या आरोपावरून फासावर गेला.

१५३६ च्या कायद्यात एक कलम असेही होते की मठाची जागा घेणाऱ्याने तिथे घर चालते ठेवावे, आल्यागेल्याला आसरा द्यावा, जमीन कसत राहावी. चुकारपणा केला तर दर महिन्याला दंड. कलम चांगले होते. ते अमलात आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर, तेच किंवा त्यांचेच सोयरे खरेदीदार होते, त्यामुळे ते कागदावर राहिले.

माझ्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मला मांडलाच पाहिजे, कारण या मठांची भलामण करणारे लोक तो टाळतात. हे कॅनन गावोगावच्या चर्चचे मालक होत गेले होते. शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देई तो गावात पुजारी असावा, चर्चचे छप्पर शाबूत राहावे, गरिबाला घासभर मिळावे म्हणून. चर्च मठाच्या मालकीचे झाले की धान्याचा मोठा वाटा मठाच्या कोठारात जाई आणि गावात एखादा बदली धर्मगुरू किरकोळ वाट्यावर नेमला जाई. दाते गेले, हेतू विसरले, उत्पन्न तेवढे उरले. कितीतरी घरांत शेवटी चार-पाचच माणसे राहिली होती. या गोष्टीबद्दल चीड येणे रास्त आहे आणि मलाही ती येते. मठ बंद करण्याची सुरुवात तर हेन्रीने केलीच नाही. त्याचा मंत्री कार्डिनल वुल्सी याने १५२४ साली पोपची परवानगी काढून ऑक्सफर्डचा सेंट फ्रीडेस्वाइडचा कॅननांचा मठ आणि मग बरेच छोटे मठ मोडले आणि त्या पैशातून कॉलेज काढले. आजचे ख्राइस्ट चर्च ते हेच. त्या कामी वुल्सीचा हस्तक थॉमस क्रॉमवेल होता. बारा वर्षांनी राजासाठी सगळे मठ मोडायला निघाला तो हाच माणूस. एका मठाचे कॉलेज होणे हा अन्याय आहे असे मला म्हणवत नाही.

पण त्या दहाव्या हिश्श्याचे पुढे काय झाले? मठ गेल्यावर तो हक्क जमिनीबरोबर विकला गेला. शेतकऱ्याचे देणे चुकले नाही, फक्त ते आता चर्चऐवजी जमीनदाराकडे जाऊ लागले. गावातला धर्मगुरू पूर्वीइतकाच गरीब राहिला. मठांच्या पापांपैकी जे सर्वांत मोठे, तेच काळजीपूर्वक जपले गेले, कारण त्याला बाजारात किंमत होती. तो हक्क मोडीत काढायला ब्रिटिश संसदेला १९३६ साल उजाडावे लागले. हेन्रीला सुधारक म्हणणाऱ्याने या चारशे वर्षांचे उत्तर दिले पाहिजे.

सरकारने मठाला हात लावूच नये, असा याचा अर्थ नाही. साक्षीदारच हवा असेल तर तो ऑस्ट्रियात सापडतो. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८२ पासून शेकडो मठ बंद केले, त्यांत कॅननांचेही होते. सांक्ट प्योल्टनचा मठ १७८४ मध्ये गेला, ड्युर्नश्टाइनचा १७८८ मध्ये. पण त्याने मालमत्तेचा एक स्वतंत्र धर्मनिधी केला आणि त्यातून नवी चर्च काढली, त्यांच्या धर्मगुरूंचे पगार दिले. कोणत्याही गावकऱ्याला चर्चला जायला तासाभरापेक्षा जास्त चालावे लागू नये असा दंडक घातला. व्हिएन्नाजवळचे क्लोस्टरनॉयबुर्ग, लिंट्सजवळचे सांक्ट फ्लोरियान ही घरे वाचली, कारण त्यांचे कॅनन गावोगावची चर्च सांभाळत होते. त्या सांक्ट फ्लोरियानमध्येच पुढे संगीतकार ब्रुकनर लहानपणी गायकमुलगा म्हणून आला आणि आज तिथल्या ऑर्गनखाली त्याची समाधी आहे.

एवढे पाहून जोसेफच्या बाजूने कौल द्यावा असे वाटते. तरी माझे मन पूर्ण वळत नाही, कारण त्याने लावलेली कसोटी उपयोगाची होती आणि उपयोग कशाला म्हणायचे हे प्रत्येक राजवट आपल्या सोयीने ठरवते. जोसेफला जे क्लोस्टरनॉयबुर्ग उपयोगी वाटले, ते १९४१ मध्ये नाझींनी बंद केले. तिथला कॅनन रोमान शोल्झ नाझीविरोधी गट चालवल्याबद्दल १९४४ च्या मे महिन्यात मारला गेला. युद्धानंतर कॅनन परतले आणि ११३३ पासून चालत आलेले ते घर आजही चालू आहे.

उपयोगाच्या कसोटीचा विचार करताना मला पॅरिसचा सेंट व्हिक्टरचा मठ आठवल्यावाचून राहत नाही. ११०८ साली निघालेल्या त्या कॅननांच्या मठात बाराव्या शतकात ह्यू नावाचा शिक्षक होता. ज्ञानाची मांडणी करताना त्याने तत्त्वज्ञानाच्या घरात विणकाम, शेती, व्यापार, वैद्यक यांनाही मानाची जागा दिली. हातांनी करायच्या कामाला विद्या म्हणणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे जातीजातींत कामे वाटून डोक्याला वर आणि हाताला खाली बसवणाऱ्या आपल्या समाजातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ह्यू ११४१ मध्ये वारला. साडेआठशे वर्षांनी, १९९३ साली, विचारवंत इव्हान इलिच यांनी त्याच्या वाचनविचारावर एक अख्खे पुस्तक लिहिले, आणि वाचणे म्हणजे काय हे मला कळले असेल तर ते त्या पुस्तकामुळे. या मठाचे ग्रंथालय सतराव्या शतकात सर्वांसाठी खुले झाले होते, कारण ऑंरी द्यू बूशे या ग्रंथप्रेमी माणसाने १६५२ मध्ये मृत्युपत्राने आपली पुस्तके देताना तशी अट घातली होती. १७९० मध्ये क्रांतीच्या सरकारने मठ बंद केला. १८११ मध्ये इमारती पाडून तिथे दारूची घाऊक बाजारपेठ झाली. आज त्या जागेवर विद्यापीठाचे विज्ञानसंकुल आहे, हे चांगलेच झाले. पण मधली दीडशे वर्षे तिथे पिंपेच गडगडत होती.

आपल्यालाही याचा एक धक्का बसला आहे. पोर्तुगालमध्ये ३० मे १८३४ च्या हुकुमाने धार्मिक संघ बंद झाले. कोइंब्राचा सांता क्रूझ हा ११३१ सालचा कॅननांचा मठ त्यातच गेला. पदुआचा संत अँथनी मुळात तिथलाच कॅनन. तो हुकूम १८३५ मध्ये गोव्यात पोचला. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनवाल्यांचा मठ त्यात गेला. हे ऑगस्टिनवाले कॅनन नव्हते, भिक्षू होते. नियमावली तीच, संघ वेगळा. इन्क्विझिशनच्या काळात गोव्यातल्या चर्चच्या सत्तेने हिंदूंवर जे लादले ते विसरून मी त्यांच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. पण इमारत ताब्यात घेणाऱ्या सरकारने तिची देखभाल कोणाकडे सोपवली? कोणाकडेच नाही. १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली. जॉर्जियाची राणी केटेवान हिचे अवशेष या मठात ठेवले होते, तेही ढिगाऱ्याखाली गेले; ते शोधून ओळख पटवायला पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र दोन्ही लागले. २०२१ मध्ये ते भारत सरकारने जॉर्जियाला दिले.

म्हणून आपल्या अर्थतज्ज्ञांना आणि विधिमंडळात असा मसुदा कधी आणतील त्या सर्वांना माझे सांगणे आहे. मालमत्तेची यादी करण्याआधी कामांची यादी करा. हे अन्नछत्र, ही धर्मशाळा, ही पाठशाळा, हा दवाखाना, ही विहीर, हा पोथ्यांचा संग्रह. प्रत्येकापुढे उद्या सकाळी ते कोण चालवणार त्या संस्थेचे नाव लिहा आणि त्यासाठी वेगळा काढलेला पैसा लिहा. नुसते सद्हेतूचे कलम १५३६ च्या इंग्लंडमध्येही होते. देवस्थान लोकांकडून घेत असलेल्या वसुलीतली कोणती अन्यायाची आहे ते ठरवा आणि ती नव्या मालकाच्या नावावर चढवण्याऐवजी रद्द करा. ज्याच्या हाती जप्तीचा हिशेब, त्याला आणि त्याच्या नातलगांना खरेदीची बंदी घाला. हे परिशिष्ट जोडलेला मसुदा आणा, मी पहिल्या दिवशी त्यावर सही करीन. ते नसेल तर मी विरोधात उभा राहीन, मग त्याला कितीही मोठ्या सुधारकाचे नाव दिलेले असो.