आधी बसा, मग खरेदी करा



येत्या 11 ऑगस्टला संत क्लाराचा सण आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसचे ऐकून घरदार सोडून निघालेली ही मठवासिनी दूरदर्शनची आश्रयदाती संत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. आयुष्याच्या अखेरीस ती अंथरुणाला खिळली होती. नाताळच्या रात्री तिला चर्चमध्ये जाता आले नाही, तेव्हा तिथली उपासना तिला आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, असे परंपरा सांगते. 1253 साली ती ख्रिस्तवासी झाली आणि 1958 साली पोप बारावे पायस यांनी तिला दूरदर्शनची आश्रयदाती घोषित केले. जिने स्वतःचे म्हणून काहीच ठेवले नाही, तिच्याच हाती ख्रिस्तसभेने टी.व्ही. सोपवला!

यंदा मात्र या संतेपुढे उभे राहताना मला थोडी लाज वाटते आहे. त्याचे कारण सांगतो.

जूनमध्ये एका रात्री जोराचा पाऊस आला, वीज कडाडली आणि आमच्या निवासातला टी.व्ही. गेला. सकाळी त्याचा लाल दिवासुद्धा लागेना. मेकॅनिकने मागचे झाकण उघडले, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "फादर, बोर्ड जळालाय. पॅनेलचीही खात्री नाही. खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या." मला हे ऐकायचेच होते, असे आता वाटते. पालखी इंदापूरकडे गेली, रस्ते मोकळे झाले आणि मी बारामतीच्या बाजारपेठेत एका दुकानात शिरलो.

दुकानात भिंतभर संच चालू होते. सगळ्यांवर एकच चित्र; आणि प्रत्येक मोठ्या संचाशेजारचा संच लहान दिसत होता. विक्रेता मुलगा नम्र होता. "फादर, 43 इंची आता कोणी घेत नाही. 55 घ्या. शून्य टक्के व्याज, 12 हप्ते." मी मान डोलावली. खिशातून कार्ड काढणार, तोच मागून आवाज आला, "फादर, तुम्ही इथं?"

इंदापूर बाजूच्या आपल्याच एका कुटुंबातला मुलगा होता. त्यांचाही टी.व्ही. त्याच पावसात गेला होता. घरी वडील वर्षभर खाटेवर आहेत. त्यालाही 55 इंची दाखवले जात होते. पण त्याने खिशातून एक सुतळी काढली. तिला मधे एक गाठ होती. "बाबांची खाट भिंतीपासून एवढी लांब आहे," तो म्हणाला. मोजले तर साडेपाच फूट भरले. संचाचे माप कर्णात, म्हणजे तिरके मोजतात आणि त्या मापाच्या साधारण दीडपट ते दुप्पट अंतरावरून चित्र सुखाने दिसते. साडेपाच फुटांवरून 32 इंची पुरेसा होतो. 55 इंचीला निदान सात फूट तरी लागतात. त्या खोलीत तेवढी जागाच नव्हती.

त्याने 32 इंची संच रोख पैशांत घेतला. दूरदर्शनच्या 'फ्री डिश'ला दर महिन्याचे भाडे नाही, हेही तो विचारून आला होता. मग एस.टी. स्टँडवर चहा घेताना त्याने मला सहज विचारले, "फादर, तुमचा कोणासाठी घेताय?"

मी सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. साधन आणि साध्य यांतला फरक मी परीक्षेत पानभर लिहिला आहे. बाजारात मांडलेला माल पाहून सॉक्रेटिसाला आपल्याला किती गोष्टींची गरज नाही याचा आनंद होत असे, ही गोष्ट मी तरुणांना सांगत आलो आहे. पण त्या सुतळीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रिय बंधूभगिनींनो, संत लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतात. असा माणूस आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय, असे ते विचारतात. इथे 'बसून' हा शब्द लक्षात घ्या. दुकानात आपण उभे असतो. उभ्या माणसाला घाई असते. ऑफर आज संध्याकाळपर्यंतच असते. प्रभू आपल्याला आधी बसायला सांगतात. अर्थात तो दाखला टी.व्ही.चा नाही, शिष्यत्वाची किंमत मोजण्याचा आहे. पण ज्याला 30-40 हजारांसाठी बसता येत नाही, तो संपूर्ण आयुष्यासाठी कसा बसेल?

मग बसून काय मोजायचे?

आधी पैसे मोजावेत. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या संचांवरचा जी.एस.टी. 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. कर कमी झाला ही चांगलीच गोष्ट आहे; पण कर कमी झाला म्हणून गरज वाढत नाही. 'शून्य टक्के व्याज' या शब्दांना भुलू नका. असे काही नसतेच, व्याज प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते. रोखीने किती सूट मिळेल, तेही विचारा. उसाचे बिल यायचे असताना आजच हप्त्यावर सही करणे म्हणजे न कापलेला ऊस विकून खाणे. पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवा. फसवणूक झाल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि जुना काचेच्या नळीचा जड संच घरात असेल तर तो फोडून कालव्याच्या कडेला टाकू नका. त्याच्या काचेत शिसे असते आणि त्याच कालव्याचे पाणी आपल्या पिकाला जाते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्या.

मग माणसे मोजावीत. माझ्या लहानपणी, 1987-88 साली, आमच्या वस्तीत एकच शटरचा टी.व्ही. होता. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून पंचवीस जण ओरडायचे, "आलं, आलं! गेलं!" त्या एका पडद्यासमोर अख्खी वस्ती बसत असे. आज एका घरात चार पडदे असतात आणि प्रत्येकासमोर एकेक जण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 चा जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश 'दूरदर्शन आणि कुटुंब' याच विषयावर दिला होता. काय पाहायचे ते आईवडिलांनी आधी ठरवावे, पाहिलेल्यावर मुलांशी बोलावे आणि कधीकधी संच सरळ बंद करावा, असा त्याचा आशय होता.

टी.व्ही. वाईट आहे, असे मी म्हणत नाही. 2020 साली चर्चची दारे बंद होती, तेव्हा पडद्यावरच्या मिस्साने आपल्याला आधार दिला. इंदापूरकडच्या त्या खाटेवरच्या बाबांना तो संच आज संत क्लाराच्या भिंतीसारखाच आहे. त्यांच्या मुलाने योग्य खरेदी केली.

माझे मात्र तसे नव्हते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी माझ्याकडे आली होती. मॅच चालू होती. मी आवाज कमी केला, पण संच बंद केला नाही. ती दोन वाक्ये बोलली, पडद्याकडे पाहिले आणि "फादर, नंतर येते" म्हणून निघून गेली. नंतर ती आलीच नाही. टी.व्ही. गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती पुन्हा आली. दारातून आत पाहिले, खोली शांत होती, तेव्हा बसली. दीड तास बोलली. ती काय बोलली ते माझ्यापाशीच राहील. एवढेच सांगतो, की ते वर्षभर आधी ऐकायला हवे होते. मी तिची क्षमा मागितली आहे. आज प्रभूचीही मागतो.

आणि ते पैसे तरी कोणाचे होते? रविवारी दानाच्या पिशवीत तुम्ही घडी करून टाकलेल्या दहा-वीसच्या नोटांचे.

आमच्या निवासात अजून टी.व्ही. आलेला नाही. पुढे घ्यायचा झाल्यास तो सभागृहासाठी असेल, पॅरिश कौन्सिलमध्ये बसून हिशेब होईल आणि सुतळी मी घेऊन जाईन. तोपर्यंत संध्याकाळी सात ते साडेआठ माझे दार उघडे आहे. या, बसा.

संत क्लारा आपल्या घरांसाठी विनंती करो आणि प्रभू येशूची कृपा व शांती आपणा सर्वांवर सदैव राहो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू