मोटारी गेल्यावर

मोटारी थांबवल्या की निसर्ग आपोआप परत येतो, अशी एक भाबडी समजूत आम्हा सायकलवाल्यांत आहे. तिचा मोह मला कळतो. पण वॉशिंग्टन शहराच्या पोटातून जाणाऱ्या रॉक क्रीक पार्कमध्ये बीच ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, तो नीट पाहिला की ही समजूत टिकत नाही. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला ओक, बीच आणि ट्यूलिप पॉप्लरची दाट झाडी, मधून वळणं घेत जाणारा गुळगुळीत डांबरी रस्ता, आणि त्याच्या वरच्या टप्प्यातल्या तीन तुकड्यांवर वर्षभर मोटारींना बंदी. पाहणाऱ्याला वाटतं, इथं माणसानं हात आखडता घेतला म्हणून हे असं आहे. खरं तर इथलं जवळजवळ सगळं माणसानं ठरवून केलेलं आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसनं हे उद्यान २७ सप्टेंबर १८९० च्या कायद्यानं राखून ठेवलं. मुख्य भाग सुमारे १,७५० एकरांचा. त्या कायद्यात एक गंमत आहे. झाडं, प्राणी, जे जे आहे ते शक्य तितकं नैसर्गिक स्थितीत ठेवा, असं तो सांगतो. आणि त्याच दमात गाड्यांसाठी रस्ते, घोडेस्वारांसाठी वाटा नि चालणाऱ्यांसाठी पायवाटा काढा, असंही सांगतो. म्हणजे जंगल आणि रस्ता हे पहिल्यापासून एकाच कागदावर आहेत. पुढं ‘हा रस्ता मुळात गाड्यांसाठीच होता’ असा युक्तिवाद बंदीविरुद्ध करता येतो, आणि तो शब्दशः खराही आहे. पण १८९० मधली गाडी म्हणजे बग्गी. रविवारी सहकुटुंब हवा खायला निघालेली, कुठं पोचायची घाई नसलेली. लष्करातला इंजिनिअर कॅप्टन लॅन्सिंग बीच यानं शतक संपता संपता हा रस्ता काढला, तो अशा फेरफटक्यासाठी. कचेरी गाठण्यासाठी मेरीलँडच्या उपनगरांतून दरी कापत येणारी मोटार नंतरची. ओसरीवर घटकाभर टेकलेल्या पाहुण्यानं हळूहळू माजघर ताब्यात घ्यावं, तसं तिनं हा रस्ता घेतला.

रस्त्यासारखंच जंगलही माणसाच्या हातून गेलेलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात राजधानीभोवती किल्ल्यांचं कडं उभं राहिलं, त्यातला फोर्ट डीरसी आज या उद्यानातच आहे. तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून त्या काळी आसपासची झाडं सरसकट तोडली. आज ज्याला आपण अनादी अरण्य समजून हळू आवाजात बोलतो, त्यातलं बरंचसं त्यानंतर वाढलेलं आहे. आणि १९०२ चा बोल्डर ब्रिज! आत काँक्रीटची कमान, बाहेरून अजस्र धोंडे, जणू ओढ्यानंच लोटत आणून रचलेत. त्याची कथा अशी सांगतात की, माणसाला उचलता येतील एवढे दगड लावा असं बीचनं सांगितलं होतं. कंत्राटदार समजला, माणसाएवढे दगड लावा. काम बरंच पुढं गेलं तेव्हा चूक लक्षात आली, पण बीचला ते रूप आवडलं आणि त्यानं तसंच चालू ठेवलं. कथा खरी असो नसो, पूल मात्र छान आहे. सायकल टेकवून त्या धोंड्यांवर हात ठेवावा: शेवाळलेले, गार, कुठं कुठं कपच्या उडालेले. सगळ्यात नैसर्गिक दिसणारी ही चीज कंत्राटातून आली आहे.

मग शांतताही कंत्राटातूनच येणार, यात नवल कसलं? शनिवार-रविवारी मोटारी बंद ही इथली जुनी रीत. एप्रिल २०२० मध्ये महासाथीत लोकांना अंतर राखून मोकळी हवा घेता यावी म्हणून रोजच फाटकं लागली. साथ ओसरली तेव्हा प्रश्न आला, आता उघडायचं का? राष्ट्रीय उद्यान सेवेचा कल आधी मधल्या मार्गाकडे होता: उन्हाळ्यात रोज बंद, एरवी फक्त शनिवार-रविवार. लोकांची मतं मागवल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये कायमच्या बंदीचा निर्णय झाला. विरोध करणारे सगळेच पेट्रोलचे भक्त नव्हते. आमच्या गल्ल्यांतून ही वाहतूक वळेल, असं म्हणणारे शेजारी होते. ज्यांना चालवत नाही, सायकल जमत नाही, त्यांनी हे झाडांचे बोगदे बघायचे कसे, हा प्रश्न तर आजही अंगावर येतो. तुकड्यांमधले काही भाग मोटारींना खुले आहेत, त्यामुळे बऱ्याच जागी गाडीनं पोचता येतं. हे उत्तर मला पुरेसं वाटतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला ते तसं वाटेलच असं नाही.

माझा कौल बंदीच्या बाजूनं आहे, आणि तो फुलपाखरांसाठी नाही. या रस्त्यावरून उत्तरेकडे, ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध निघालं की चढ इतका मंद असतो की तो मांड्यांना कळतो, डोळ्यांना नाही. परतताना पायडल थांबवावं, मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते, आणि तिच्यापलीकडे खडकांवरून जाणारं पाणी, सुतार पक्ष्याची ठकठक, कुणाच्या तरी पोराचं ‘ब्रेक, ब्रेक!’ असं ओरडणं. मान मागं वळवून पाहावं लागत नाही. एरवी रस्त्यावरच्या सायकलवाल्याचा अर्धा मेंदू पाठीला चिकटलेला असतो. मागून काय येतंय, किती जवळून जाणार, चालक फोनवर तर नाही. तो अर्धा मेंदू इथं सुटा होतो. फाटकानं नेमकं दिलं असेल तर हे.

पण सुटा झालेला तो मेंदू नेहमीच सुतार ऐकत नाही. बऱ्याचदा तो मीटरवरचा वेग बघतो. रस्ता रुंद, डांबर नवं, समोर मोटार नाही. खाली वाकून, गिअर चढवून चार-पाच जणांची रांग सुसाट निघते, आणि ट्रायसिकलवरची पोर आडवी आली की ‘डावीकडून!’ अशी हाळी येते. आवाज मोठा, सूर मोटारवाल्याचा. मोटार होती तोवर आम्ही दुबळे होतो, म्हणून सभ्य होतो. आता या रस्त्यावर सगळ्यात जड आणि सगळ्यात जलद आम्हीच. बंदीच्या मागणीत ‘सगळ्यांसाठी रस्ता’ ही भाषा होती. ती खरी करायची जबाबदारी आता ज्याच्याकडे वेग आहे त्याची, म्हणजे आमची. ती आम्हाला नीट पेलता आलेली आहे, असं मला वाटत नाही.

आणि निसर्ग? तो फाटकाकडे पाहतही नसावा. हरणं इतकी वाढली की कोवळी रोपं शिल्लक राहीनात; २०१३ पासून इथं रात्री रस्ते बंद करून नेमबाजांकडून त्यांची संख्या कमी करतात. दिवसा सायकलींसाठी बंद, रात्री बंदुकांसाठी बंद. ओढ्यात उतरायलाही मनाई आहे, कारण मोठ्या पावसात जुन्या गटारांचं पाणी पावसाच्या पाण्यासोबत त्यात येतं. कडेला बसून पाय बुडवावेत असं वाटणारं ते पाणी नुसतं बघायचं. त्यावरचा उपाय जमिनीखाली, नळांत नि बोगद्यांत आहे. त्यासाठी मोर्चा काढायला सायकलवाले फारसे जमत नाहीत.

वॉशिंग्टनची हद्द संपते तिथं शेवटचं फाटक. पुढं रस्ता तोच, नावही तेच, पण कारभार मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीचा. तिथं काही टप्पे शनिवार-रविवारी मोटारींना बंद असतात, एरवी उघडे. मंगळवारी फाटक ओलांडलं की पहिल्याच वळणावर मागून इंजिनाचा आवाज येतो, आणि आम्ही सगळे, मघाशी हाळी देणारेसुद्धा, मुकाट्यानं एका ओळीत कडेला सरकतो.