शिखराचं काम काय?

आर्किटेक्चरच्या मुलांपुढे मी दोन फोटो शेजारी ठेवतो. एक मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीचा, १९७०च्या दशकातला. छपरावर काँक्रीटची उंच धुराडी, आतला उष्मा वर निघून जावा म्हणून. लांबून पाहावं तर देवळांची रांगच. दुसरा दिल्लीतल्या इस्कॉन मंदिराचा. १९९८ साली खुल्या झालेल्या या मंदिराच्या शिखरांतून काहीच बाहेर पडत नाही. दोन्ही इमारती अच्युत कानविंदे यांच्या. मी विचारतो, यातलं खरं शिखर कोणतं?

मुलं डेअरीकडे बोट दाखवतात. शिकवणच तशी आहे. कानविंदेही त्याच शिकवणीतले. १९१६ साली जन्मलेले आचऱ्याचे, जे.जे.त शिकून हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेलेले. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत भागीदारी केली, पुढे मोराद चौधरी आले. आयआयटी कानपूरमध्ये त्यांनी इमारती जोडणाऱ्या छपराखालच्या वाटा आखल्या, कारण तिथलं ऊन. खांबाला, झरोक्याला, जिन्याला विचारायचं, तू इथे का? उत्तर आलं नाही तर काढून टाकायचं. मला हे व्रतच वाटतं, आणि पुष्कळ पूजापाठापेक्षा कडक.

पण देवाला वायुवीजन लागत नाही. गाभारा तर मुद्दाम कोंदट आणि काळोखा. मग उपयोगाचा हिशेब मांडायचा कसा? कानविंद्यांच्या आचऱ्यातच रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. तीन दिवस, तीन रात्री माणसं गुराढोरांसकट वेशीबाहेर झोपड्यांत राहतात आणि बांधलेली घरं रिकामी ठेवतात. ग्रोपियसना हे कुणी समजावलं असतं!

माझी आई पंढरपूरला गेली की गर्दी पाहून बाहेरूनच कळसाला हात जोडायची. ‘पोचलं,’ म्हणायची. तेव्हा मला तो आळस वाटे. आता वाटतं, शिखराचं काम तिला ठाऊक होतं. शिखर आतल्यांसाठी नसतंच. गाभाऱ्यातल्या माणसाला ते दिसतही नाही. ते आहे आत न पोचलेल्यांसाठी. आणि न पोचण्याची सगळीच कारणं आईच्या गर्दीइतकी साधी नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. त्या देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. ज्यांना दार बंद, त्यांच्या वाट्याला कळस. एवढ्या सुंदर आकाराच्या मागे इतका कुरूप उपयोग असू शकतो, हे सांगताना वर्गात माझा आवाज जरा चढतो.

इस्कॉनमध्ये कुणालाही आत जाता येतं. म्हणजे माझ्याच तर्कानं तिथल्या शिखरांचं काम संपलं. कानविंद्यांनी ती तरीही बांधली. सवयीनं बांधली म्हणणारे माझे मित्र आहेत, मला ते पटत नाही. आत जायला कुणाची आडकाठी नसताना न जाणारे लोकही असतात. मी त्यातलाच. श्रद्धा नाही, वैरही नाही. अशा माणसाला देवळाने काहीतरी दाखवावं की त्याच्यापुरतं गप्प बसावं? मुलांना मी हा प्रश्न परीक्षेत घालत नाही, कारण उत्तर तपासायचं कसं ते मला सुचत नाही.