चंद्री आणि सड्यावरचा कातळ

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. चाचणीत उपमा आणि उत्प्रेक्षा यांची अदलाबदल झाली, दोन गुण गेले आणि तू अलंकारांवरच रुसलीस म्हणे. नाव ओवी आणि भांडण अलंकारांशी, हे काही बरं नाही.

आईनं तुझी युक्तीही सांगितली. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. ही युक्ती दगा देते, हे तुला आता कळलंच आहे. 'बंड्यासारखा रडतो' आणि 'बंड्या सारखा रडतो' ही दोन वाक्यं बघ. मधे एक मोकळी जागा आली आणि तुलना नाहीशी झाली. उरला नुसता रडका बंड्या. म्हणून शब्द हुडकू नकोस. कोणत्या दोन गोष्टी शेजारी आणल्यात आणि त्या एकमेकींच्या किती जवळ आल्यात, एवढंच विचार.

आपली चंद्री म्हैस घे. पावसाची झड लागली की ती तळ्यात बसते आणि चार हाका मारल्या तरी हलत नाही. मी म्हटलं, 'चंद्री कातळासारखी काळीभोर आहे.' चंद्री उपमेय, कातळ उपमान, काळेपणा हा दोघांचा समान धर्म आणि 'सारखी' हा त्यांना जोडणारा शब्द. ही उपमा. दोघी शेजारी उभ्या आहेत, पण वेगळ्या आहेत. आता, 'चंद्री पाण्यात बसली, जणू सड्यावरचा कातळच तळ्यात उतरला.' इथे डोळ्यांना क्षणभर तसा भास झाला. ही उत्प्रेक्षा. इथे 'जणू'ऐवजी 'वाटलं' घातलं असतं तरी ती उत्प्रेक्षाच राहिली असती. 'चंद्री म्हणजे तळ्यातला कातळ' म्हटलं की भासही संपला, दोन्ही एकच झाल्या, हे रूपक. आणि आजोबा वैतागून म्हणाले, 'ही म्हैस नव्हेच, कातळ आहे!' त्यांनी बिचारीचं म्हैसपणच नाकारलं, म्हणजे अपन्हुती झाली. त्यांना मात्र ते ठाऊक नव्हतं.

गंमत इथे संपत नाही. 'कातळाला पावसात पाझर तरी फुटतो, चंद्री त्याच्याहून ढिम्म' म्हटलं की उपमेय उपमानाच्या वरचढ ठरलं, तो व्यतिरेक. शेवटी हात टेकून 'चंद्रीसारखी चंद्रीच' म्हणावं, तो अनन्वय. एका म्हशीत सहा अलंकार बसले, बघ.

'अलंकार' हा शब्द मला तसा फारसा आवडत नाही. त्यानं वाटतं, वाक्य आधी तयार होतं आणि मग पेटीतून दागिने काढून त्याला घालायचे. पण तू नारळाची शेंडी म्हणतेस, नारळाचे डोळे म्हणतेस, मडक्याचा गळा म्हणतेस, तेव्हा कुठली पेटी उघडतेस? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचायची. त्या 1951 साली गेल्या आणि 1952 साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आता त्याच गाण्यांतले अलंकार तुम्ही मुलं ओळखत बसता. नावं नंतर आली, बघणं आधीचं.

नावं ठेवणाऱ्यांनी मात्र हौस पुरती भागवून घेतली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या पंडितांनी ते शंभराच्या घरात नेले. तुमच्या पुस्तकात मूठभरच आहेत, तेव्हा कुरकुर नको.

यमक आणि अनुप्रास कानालाच कळतात, त्यावर शाई खर्चत नाही. पण शब्दांचे खेळ आवडत असतील तर मोरोपंत लक्षात ठेव. त्यांनी 108 रामायणं रचली अशी त्यांची ख्याती. त्यातलं एक 'निरोष्ठ'. म्हणजे प, फ, ब, भ, म अशी ओठाला ओठ लागणारी अक्षरं टाळून लिहिलेलं. रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! मला त्यात काव्यापेक्षा कसरत जास्त दिसते. पण एकदा तोंडानं करून बघ, दोन वाक्यांत दमशील.

श्लेष मात्र घरातच सापडतो. 'तुझे आजोबा पान संपवल्याशिवाय उठत नाहीत.' पुस्तकाचं, जेवणाचं की विड्याचं? तिन्ही खरी आहेत, आणि त्या तिन्हींपायी माझी दुपार जाते.

चंद्रीला परवा रेडकू झालं. अंगावर ओली लव, पाय लटपटणारे, आणि आवाज केवढा! त्याला काय म्हणावं, ते तू लिहून कळव. 'कातळाचं पिल्लू' चालणार नाही, ते आजोबांनी आधीच म्हणून टाकलंय.

तुझी
आजी