तगादा आणि मुदत



गेल्या वर्षी एका गुरुवारी जुहरच्या नमाजनंतर माझ्या मोबाइलवर एक अनोळखी फोन आला. आवाज तरुण होता आणि भाषा अर्वाच्य. "तुम्ही मशिदीचे इमाम ना? तुमचा अमुक माणूस चोर आहे. पैसे बुडवून बसलाय. उद्या जुम्म्याला सगळ्यांसमोर सांगा," असे तो म्हणाला. ज्याचे नाव त्याने घेतले तो आमच्याच मोहल्ल्यातील शिंपीकाम करणारा गृहस्थ. पत्नीच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि रुग्णालयाचे बिल त्याच्या आवाक्याबाहेर गेले. बरेचसे त्याने भरले. उरलेल्या बावीस हजारांसाठी तगादा सुरू झाला तेव्हा मोबाइलवरील एका ॲपवरून कर्ज काढून त्याने ते भागवले. पुढे दोन हप्ते चुकले. मग त्याच्या फोनमधील जवळजवळ प्रत्येक क्रमांकावर फोन जाऊ लागले: सासऱ्यांना, गिऱ्हाइकांना, मुलीच्या शिक्षिकेला आणि शेवटी मला.

हा गृहस्थ सहा आठवडे जमातीच्या नमाजला आलेला नाही, ही गोष्ट त्या फोनमुळे माझ्या ध्यानात आली. इमामाला हे एखाद्या वसुलीवाल्याकडून कळावे, याची लाज आजही वाटते. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दार उघडेना. आतून लहान मुलगी म्हणाली, "अब्बा घरी नाहीत." मी सलाम करून नाव सांगितले, तेव्हा तो बाहेर आला. खाली मान घालून म्हणाला, "मौलाना, तुम्हीच बयानात सांगितलं होतं, कर्जदाराच्या जनाजाची नमाज प्रेषितांनी पढवली नाही म्हणून. मग आम्ही कोणत्या तोंडानं यायचं?"

मी ते सांगितले होते, आणि खरेच सांगितले होते. परंतु अर्धेच. राहिलेले अर्धे आज लिहितो आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर एक जनाजा आणला गेला. मृताच्या डोक्यावर दोन-तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही उरले नव्हते. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की, तुमच्या या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. आपल्या बयानांत ही हकीकत बहुधा येथेच थांबते आणि श्रोते घाबरून घरी जातात. पण रिवायत येथे थांबत नाही. ह. अबू कतादा (र.) पुढे झाले आणि त्यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले. मग नमाज झाली. पुढे विजय लाभून बैतुलमालमध्ये संपत्ती येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) जाहीर केले की, जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज फेडणे माझ्याकडे, आणि जो संपत्ती ठेवून मरेल ती त्याच्या वारसांची. कर्जाची भीती दाखवणारी हीच हकीकत समाजाला त्याची जबाबदारीही दाखवते. मी भीतीपुरतीच सांगितली आणि एका माणसाला मशिदीपासून दूर केले.

दाराआड लपलेल्या कर्जदाराची हकीकतही हदीसमध्ये आहे. सहीह मुस्लिममध्ये ह. अबुल यसर (र.) यांच्याविषयी येते की, ते वसुलीसाठी एकाच्या घरी गेले. घरच्यांनी सांगितले, तो नाही. इतक्यात त्याचा मुलगा बाहेर आला आणि त्याने निष्पापपणे सांगून टाकले की, तुमचा आवाज ऐकून अब्बा अम्मीच्या पलंगाआड लपले आहेत. अबुल यसर (र.) यांनी त्याला हाक मारून बाहेर बोलावले व कारण विचारले. तो म्हणाला की, समोर आलो असतो तर खोटे बोललो असतो, वायदा करून मोडला असता. आणि मी खरोखरच अडचणीत आहे. अबुल यसर (र.) यांनी त्याच्याकडून अल्लाहची शपथ घेतली, कर्जाचा कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने त्यावरील अक्षरे पुसली. जमले तर दे, नाही तर तू मोकळा आहेस, असे त्याला सांगितले. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामधील 280 व्या आयतीचा आशय हाच आहे: ऋणको तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि माफ करणे अधिक चांगले.

याचा अर्थ कर्ज बुडवावे असा मुळीच नाही. ऐपत असूनही टाळाटाळ करणे हा प्रेषितांनी (स.) जुलूम ठरवला आहे. एकदा एका धनकोने खुद्द त्यांच्याकडेच कठोर शब्दांत तगादा लावला. सोबती संतापून त्याच्यावर धावून जाऊ पाहत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले, हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगितले आणि त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट त्याला देवविला. तेव्हा धनकोचा कडक शब्द ऐकून घेणे हे आपले कर्तव्यच. पण तो शब्द ऋणकोशी बोलावा. त्याच्या मुलीच्या शिक्षिकेशी बोलण्याचा हक्क कोणत्या शरीअतने दिला? सूरह नूरमध्ये परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्यास मनाई आहे, आणि परत जा म्हटले तर परत जावे असा आदेश आहे. आजचा मोबाइल हे माणसाचे घरच आहे, त्यात त्याच्या बायको-मुलांची छायाचित्रे असतात.

या बाबतीत देशाचा कायदाही ऋणकोला वाऱ्यावर सोडत नाही, हे मला त्या प्रकरणातच कळले. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 मधील परिपत्रकानुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, नातेवाईक व मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरू नये. सप्टेंबर 2022 मधील मार्गदर्शक सूचनांनी कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्यास मनाई केली. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला शुल्क लागत नाही. धमकी असेल तर पोलीस ठाणे गाठावे. पैसे प्रतिनिधीच्या हातात किंवा त्याच्या खासगी खात्यात देऊ नयेत. कंपनीच्या खात्यात भरावे आणि पावती घ्यावी. देवघेव लिहून ठेवण्याचा आदेश पवित्र कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे, आणि आपण तो केवळ तिलावतीपुरता ठेवला आहे.

खरे तर ते कर्ज काढण्याची वेळच यायला नको होती. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून ही योजना चालू आहे. आमच्या शिंपीबंधूला याची माहिती नव्हती आणि मलाही नव्हती. त्याने व्याजाच्या दारात पाऊल ठेवले, त्याबद्दल तौबा त्याने करावीच. परंतु शेजारी अडचणीत असताना आम्ही कोठे होतो, हा प्रश्न जमातीने स्वतःला विचारावा. आणि "व्याजाचे कर्ज आहे, मग फेडायचेच कशाला" असे जे काही हुशार लोक सुचवतात त्यांचे ऐकू नये. घेतलेले मुद्दल हा दुसऱ्याचा हक्क आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही, या विचारात होतो. वसुलीच्या नोकरीत आपल्याही वस्त्यांतील तरुण आहेत. त्यांतला एकजण माझ्याकडे लहानपणी नाजरा शिकला. तो म्हणाला, "मौलाना, शिव्या दिल्या नाहीत तर महिन्याचं टार्गेट पूर्ण होत नाही." त्याच्या घरचीही चूल पेटायची आहे, हे मी जाणतो. तरी त्याला सांगितले की, उद्या कयामतच्या दिवशी ती कंपनी तुझ्या शिव्यांचा हिशेब देणार नाही. त्याला ते आवडले नाही. अलीकडे तो मला टाळतो.

प्रेषितांच्या (स.) मशिदीत ह. कअब बिन मालिक (र.) आणि त्यांचे ऋणको यांच्यात कर्जावरून आवाज चढले होते. प्रेषितांनी (स.) आपल्या खोलीचा पडदा बाजूला करून कअब यांना निम्मे सोडण्याची खूण केली, त्यांनी मान्य केले, आणि मग ऋणकोला उठून उरलेले फेडण्यास सांगितले. आम्ही त्याच वाटेने जाण्याचा प्रयत्न केला. मोहल्ल्यातील एका वकिलाने कंपनीला पत्र लिहिले, फोनच्या नोंदी जोडल्या, आणि दंडाची रक्कम सोडून मुद्दल दहा हप्त्यांत घेण्यास कंपनी तयार झाली. जकातच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. दोन हप्ते एका व्यापाऱ्याने जकातमधून भरले आणि आपले नाव कोठे घेऊ नये असे बजावले. उरलेले आठ तो शिंपीबंधू स्वतः भरतो आहे. परवा फजरला तो शेवटच्या सफमध्ये उभा होता. नमाजनंतर सहाव्या हप्त्याची पावती माझ्या हातात देऊन दुकान उघडायला गेला.